194 डी म्हंजे ड्रिंक!

परवा चलन आलं. केए-22, म्हंजे बेळगाव पासिंगची माझीच गाडी, दंड 500, आणि गुन्हा काय तर कलम 194 डी. बस्स. म्हणजे दंड तुम्ही ठोकणार आणि मी काय केलंय ते मीच शोधून काढायचं होय? साईटवर ओटीपी येईना म्हणून खडेबाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

तिथं एक काका उताऱ्याची प्रत काढायला बसलेले. पोरानं स्क्रीनवर बघून "194 डी" म्हटलं मात्र, काकांनी चष्मा कपाळावर सारला.
"डी म्हंजे ड्रिंक."
"नाही हो काका, मी घेत नाही."
"सगळे असंच म्हणत्यात." मग आवाज वाढवून, "किती घेतली होती?"
लॅमिनेशनला आलेल्या दोन बायका माझ्यापासून जरा सरकून उभ्या राहिल्या. त्यातली एक आमच्याच गल्लीतली. आता घरी जायच्या आधी बातमी घरी.

शेवटी मोबाईलवर मोटार वाहन कायदा काढला. 194 हा मुळात जादा लोड भरणाऱ्या ट्रकवाल्यांचा नंबर. 2019 च्या दुरुस्तीत त्याला खोल्या काढल्यात, भावकीत वाटण्या झाल्यावर घर नंबरला ए, बी लागतंय तसं. ए मध्ये जादा पॅसेंजर, बी मध्ये सीटबेल्ट, सी मध्ये ट्रिपल सीट, डी मध्ये हेल्मेट, ई मध्ये अँब्युलन्सला वाट न देणारे आणि एफ मध्ये उगाच हॉर्न मारणारे. दारूचं घर निराळंच, 185! काकांना दाखवलं.
"असंल," म्हणाले, "पण लायसन 3 महिने जातंय की त्यात."
आणि हे मात्र खरं निघालं, कायद्यात तसं लिहिलंय. इतका वेळ चुकीचं बोलून नेमकं तेवढंच बरोबर बोलायचं काय कारण?

फोटो उघडला तर हेल्मेट आहे की! माझ्या कोपरात. चन्नम्मा सर्कल आलं की घालायचं हा माझा नेम, कॅमेरा त्याच्या अलीकडं निघाला. चूक माझीच, मान्य. पण "हेल्मेट घातलं नव्हतं" एवढं लिहायला काय जातंय यांचं? कन्नडात लिहा हवं तर. तिकडं पण कलमाला 'कलं'च म्हणतात आणि दंडाला 'दंड'च म्हणतात, कळलं असतं की. 500 भरले, वर प्रिंटचे 10.

निघालो तर काका मागोमाग. "वडगावला सोडा की तेवढं."
म्हटलं, मागच्याला पण हेल्मेट लागतंय काका.
"मग तुमचं द्या की."