नागालँडच्या महिला खासदारांविषयी खुलासा

‘नागालँडने २०२३ पर्यंत एकाही महिलेला संसदेत पाठवले नाही’ हा संदेश गेल्या आठवड्यापासून वाशी-नेरूळमधील स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे, आणि माझ्या अभ्यासिकेतील एका मुलीने तो वहीत लाल शाईने उतरवूनही घेतला, म्हणून हा खुलासा. हे विधान चुकीचे आहे.

१ डिसेंबर १९६३ रोजी राज्य झालेल्या नागालँडला लोकसभेत आणि राज्यसभेत प्रत्येकी एकच जागा आहे. लोकसभेच्या त्या एकमेव जागेवर १९७७ मध्ये रानो शायझा निवडून आल्या. नागा नेते फिझो यांच्या त्या भाची. पुढे २०२२ मध्ये फांगनॉन कोन्याक राज्यसभेवर बिनविरोध गेल्या.

घोटाळा बहुधा विधानसभेमुळे झाला असावा. साठ सदस्यांच्या त्या सभागृहात हेकानी जाखालू आणि साल्हौतुओनुओ क्रुसे या पहिल्या महिला आमदार निवडून यायला २०२३ उजाडले, ही गोष्ट खरी आहे आणि क्लेशदायकही. परंतु आमदार आणि खासदार यांची गल्लत केल्याने शायझा यांचे नावच पुसले जाते. तेव्हा ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे, त्यांनी त्याच गटांत ही दुरुस्तीही आवर्जून पाठवावी.