शब्द तेच, पण देव तोच का?

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. आम्ही सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो, आजूबाजूची बहुतेक घरं मॉर्मन पंथाची. त्यांच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, आठ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पांढऱ्या कपड्यातला बाप मुलीचा हात धरून हौदात उतरला, उजवा हात वर केला आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तिला पाण्याखाली नेलं. दोन साक्षीदार वाकून बघत होते. वेणीचं टोक पाण्यावर तरंगत राहिलं. एकाने मान हलवली. मग पुन्हा पहिल्यापासून, तेच शब्द, आणि या वेळी वेणीसकट सगळी पोर पाण्यात. खोकत खोकत वर आली आणि आईकडे बघून हसली.

माझे डोळे भरून आले. नगरला आमच्या चर्चमध्ये याच नावाने किती बाळांच्या कपाळावर पाणी पडताना पाहिलंय!

बाहेर ओले टॉवेल पिळता पिळता तिच्या आईने मला विचारलं, "हा बाप्तिस्मा तुमच्या मंडळीत चालेल का?" मी खरं सांगितलं, नाही चालणार. ती जरा थांबली, मग म्हणाली, "तू आमच्यात आलीस तर तुझाही चालणार नाही." तेही खरंच आहे.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. इथल्या मराठी ग्रुपमध्ये कोणी म्हणतं, "सगळे ख्रिश्चनच ना, मग भांडण कसलं?" आणि आमच्याच चर्चमधल्या काही लोकांना मॉर्मन हा शब्द नुसता शिवीसारखा वापरायचा असतो. मला दोन्ही पटत नाही. (त्यांना स्वतःला २०१८ पासून पूर्ण नाव हवं असतं, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. तुम्हाला ओळखीचा शब्द हा म्हणून तो वापरतेय, अनादर म्हणून नाही.)

फरक कुठे आहे? बायबलच्या पहिल्याच वाक्यात. प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली. आम्ही यातून असं समजतो की आधी काहीच नव्हतं. वस्तू नव्हती, नियम नव्हता, काळसुद्धा नव्हता. होता तो फक्त देव. बाकी जे जे आहे ते त्याने केलेलं. म्हणजे एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला देवदूतांपासून मुंगीपर्यंत सगळं. या दोन्हींच्या मधलं काही नाही.

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याने हीच रेघ पुसली. ७ एप्रिल १८४४, इलिनॉयमधलं नॉवू गाव. किंग फॉलेट नावाचा त्यांचा एक माणूस विहीर बांधताना अंगावर दगडांची बादली पडून गेला होता. त्याच्या निमित्ताने स्मिथ हजारोंच्या जमावापुढे बोलायला उभा राहिला. त्याने सांगितलं की मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ शून्यातून निर्माण करणं असा नाही, असलेल्या मालाची जुळणी करणं असा आहे, माणूस सामान जमवून जहाज बांधतो तसं. माणसातला चैतन्याचा गाभा कोणी निर्माण केलेला नाही, तोही अनादीच आहे. आणि देव? देवही एके काळी आपल्यासारखाच होता, तो उन्नत झालेला मनुष्य आहे. तीन महिनेही झाले नाहीत तोच जमावाने कार्थेजच्या तुरुंगात स्मिथला गोळ्या घालून मारलं.

हे प्रवचन त्यांच्या शास्त्रग्रंथांत नाही. आज तिथल्या चर्चमध्ये बसलात तर देवाच्या भूतकाळावर कोणी फारसं बोलतही नाही. पण १८४३ सालचं एक वचन शास्त्रात आहे आणि ते स्पष्ट आहे: पित्याला माणसाच्या शरीरासारखंच हाडामांसाचं शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्म्याला मात्र नाही. तिघे वेगवेगळे, हेतूने एक. स्वर्गात माताही आहे. आणि आज्ञाधारक माणसांनी पुढे जाऊन देवासारखं व्हायचं आहे, कुटुंबासकट.

गंमत नाही, मनापासून सांगते, स्मिथने १८३० साली छापलेल्या 'मॉर्मनचं पुस्तक' या ग्रंथात हे नव्हतं. त्या पुस्तकाच्या तीन साक्षीदारांच्या निवेदनाचा शेवट पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा "जो एक देव आहे" असा होतो. आमच्या पाळकसाहेबांनासुद्धा तिथे बोट ठेवता येणार नाही. चौदा वर्षांत शिकवण कुठून कुठे गेली ते बघा.

इथे हिंदू मित्र लगेच म्हणतात, हे तर आमचं अहं ब्रह्मास्मि. नाही हो. अद्वैतात मीपणा उरत नाही, मॉर्मन स्वर्गात तर बाप बाप राहतो, लेक लेक राहते, विवाहसुद्धा अनंतकाळ टिकतो. ती विलीन होण्याची गोष्ट नाही, वाढत जाण्याची आहे.

मॉर्मन मित्र आम्हाला अथनेशियसचं वाक्य दाखवतात. आपण देव व्हावं म्हणून तो माणूस झाला, असं चौथ्या शतकातला हा बिशप लिहून गेलाय, आणि ते आम्हीही मानतो. पण त्याच्या लेखी आपल्याला वाटा मिळतो तो कृपेने. लोखंड विस्तवात लाल झालं म्हणून ते विस्तव होत नाही.

म्हणूनच ५ जून २००१ला रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी त्याच्या आदल्या वर्षीच तशी भूमिका घेतली होती. शब्द बरोबर, पाणी बरोबर, पण त्या तीन नावांमागे जो आहे तो वेगळा. मी प्रॉटेस्टंट, तरी रोमचा हा निर्णय मला योग्य वाटतो. त्यात द्वेष नाही. समोरच्याचा विश्वास त्याच्याच शब्दांत ऐकून घेतला की हेच उत्तर येतं.

आता माझं स्वतःचं. वडील गेले तेव्हा मी इथे होते, विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या रात्री जमिनीवर बसून प्रार्थना केली ती अशा देवाची, ज्याला कोणी देव केलं नाही. जो देव झाला, त्याच्या आधी काहीतरी असणार. एखादा नियम, एखादी वस्तू, कदाचित आणखी एखादा देव. मग मी त्याच्यापाशी थांबू कशी? मला सगळ्याच्या मुळाशी जाऊन पोचायचं होतं. आणि तो तिथे होता.

शेजारीण हे शांतपणे ऐकून घेते. तिचाही भाऊ गेलाय. मागच्या रविवारी तिने विचारलं, "तुझा देव रडतो का?" त्यांच्या मोशेच्या पुस्तकात हनोख स्वर्गाच्या देवाला माणसांसाठी रडताना पाहतो आणि चकित होऊन विचारतो, तू पवित्र, अनादी, तू कसा रडतोस? तो उतारा तिला पाठ आहे. तिच्या देवाला डोळे आहेत.

मी म्हटलं, मित्र लाजर गेला तेव्हा येशू रडला. ती म्हणाली, "तो पुत्र. मी पित्याचं विचारतेय."

३२५ साली निकेयाच्या धर्मसभेत बिशपांनी ज्या एका ग्रीक शब्दावर एवढा वाद घातला, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, तो शब्द मला लहानपणी मतांगीकारातला, म्हणजे विश्वासाच्या कबुलीतला, सगळ्यात कोरडा शब्द वाटायचा. त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात तो मला पहिल्यांदा उपयोगी पडला. पुत्र जर वेगळा कोणी असेल, तर तेव्हा रडला तो देवाचा मुलगा, आणि पिता कसा आहे ते आपल्याला अजून कळायचंय. एकतत्त्व असेल, तर ज्याने आकाश आणि पृथ्वी शून्यातून काढली तोच बेथानीच्या रस्त्यावर लाजराच्या बहिणीसमोर, मरियेसमोर, उभा राहून रडला. त्याला शरीराची गरज नव्हती. आपल्यासाठी घेतलं. "ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे," हे येशूने शिष्य फिलिप्पाला दिलेलं उत्तर मी तिला वाचून दाखवलं.

तिला पटलं नाही. तिने हनोखाचं ते पान मला फोटो काढून पाठवलंय. आज रात्री वाचणार आहे.