अर्ध्या मिलीमीटरचा प्रश्न

कपाटाच्या शिसवी दाराला पितळी बिजागऱ्या बसवायच्या, यात विचार करण्यासारखे काही असते असे आमच्या घरात कोणालाही वाटत नाही. दार आहे, बिजागऱ्या आहेत, स्क्रू आहेत आणि ड्रिल मशीनही आहे. मग हा गृहस्थ खिडकीशी उभा राहून एक डोळा मिटून स्क्रू कशासाठी न्याहाळतो आहे, एवढेच कोडे त्यांना पडते. मी स्क्रूचा गाभा पाहत असतो. आट्यांच्या आत जी सलग कांडी असते, तिच्याइतके किंवा तिच्याहून किंचित बारीक भोक आधी पाडून ठेवले, म्हणजे कांडी अडत नाही आणि आटे लाकडात रुततात. देवदारासारखे मऊ लाकूड याबाबतीत भिडस्त असते. भोक थोडे लहान पडले तरी ते अंग चोरून स्क्रूला जागा करून देते. शिसव कोणासाठी अंग चोरत नाही. भोक लहान झाले की एक तर ती रेषेत उभी तडकते, नाही तर स्क्रूचा बळी घेते, आणि भोक मोठे झाले की स्क्रू आत जाऊन स्वस्थपणे गोल फिरत राहतो.

म्हणजे प्रश्न केवळ माप जुळवण्याचा. पण मापे एकमेकांशी बोलत नाहीत. स्क्रूच्या पुडीवर नंबर असतो, बिटवर, म्हणजे ड्रिलमध्ये बसवायच्या भोक पाडणाऱ्या सळईवर, मिलीमीटर असतात आणि कोणत्या नंबराला केवढे भोक हे सांगणारे कोष्टक इंचाच्या अपूर्णांकांत बोलते. नंबराला ०.०१३ ने गुणून त्यात ०.०६० मिळवले की स्क्रूच्या दांड्याची, म्हणजे डोक्याखालच्या बिनआट्यांच्या भागाची, जाडी इंचांत मिळते. त्या हिशेबाने आठ नंबरचा स्क्रू ०.१६४ इंच, म्हणजे सुमारे ४.२ मिलीमीटर ठरतो. मात्र ही जाडी दांड्याची असते, गाभ्याची नव्हे, त्यामुळे एवढा गुणाकार करून हाती येते ती नको असलेली संख्या. कठीण लाकडात आठ नंबरसाठी कोष्टक एक अष्टमांश इंचाचे भोक सांगते, म्हणजे ३.२ मिलीमीटर. माझ्या संचातील बिट अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरने चढत जातात. त्यात ३ आहे, ३.५ आहे, आणि दोहोंच्या मधे जिथे माझे काम अडलेले आहे तिथे प्लॅस्टिकची सुबक भिंत आहे.

यावर सुतारांचा जुना उपाय असा, की बिट स्क्रूच्या समोर धरून दोन्ही उजेडात पाहावे. गाभा बिटामागे पूर्ण झाकला जावा आणि आटे तेवढे दोन्ही बाजूंना डोकावत राहावेत. कोष्टकापेक्षा हा उपाय मला विश्वासाचा वाटतो, कारण एकाच नंबरच्या दोन कारखान्यांच्या स्क्रूंचे गाभे सारखे असतीलच असे नाही. माझ्या स्क्रूंपुढे ३ चे बिट उभे राहिले आणि आटे व्यवस्थित डोकावले. ३.५ पुढे आटे इतके लाजले की तो विचार सोडून दिला.

बिट कोणते, हा निराळा वाद आहे. भिंतीचे बिट टोकाशी पसरट असते आणि दगड-विटा फोडण्यासाठी केलेले असते. शिसवीत ते कापत नाही, नुसते घासते, आणि घरभर होमहवनाचा वास सुटतो. धातूचे साधे बिट कापते, पण टेकवताच रेषांच्या कलाने घसरू पाहते. मधोमध अणकुचीदार टोक असलेले लाकडाचे बिट जागा सोडत नाही, म्हणून मी तेच घेतो. बिजागरीत तर जागेला फारच महत्त्व आहे, कारण भोक केसभर बाजूला सरकले की स्क्रूचे डोके आपल्या खळग्यात तिरके बसते आणि सगळी बिजागरी आपल्याकडे ओढून घेते. खोलीची खूण म्हणून बिटला चिकटपट्टी गुंडाळायची आणि भुसा बाहेर काढण्यासाठी ते मधूनमधून वर उचलायचे. हे मी संथपणे करतो, म्हणून आमच्या मेहुण्यांना झोप येते.

मेहुण्यांचा हातोडीवर विश्वास आहे. "अहो, अर्धा ठोकून आत घाला आणि मग पिळा, एवढं काय त्यात?" असे ते दर वेळी सुचवतात. त्यांना समोर बसवून मी समजावले, की पितळ दिसायला राजबिंडे असले तरी मनाने कमकुवत असते. शिसवीत शेवटचा पाव पेच देताना स्क्रूचे डोके पेचकसाबरोबर अलगद निघून येते आणि कांडी दारात कायमची वस्ती करते. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा, आणि मग पितळी स्क्रूला मेण चोळून तो हाताने, मशीन न लावता, आवळावा. साबणानेही स्क्रू सुळकन जातो, परंतु साबण ओल धरतो. "म्हणजे एका स्क्रूसाठी दोन स्क्रू?" मेहुण्यांनी विचारले. मी होकार दिला. त्यांनी हातोडी खाली ठेवली, ती पटले म्हणून नव्हे, तर चहा आला म्हणून.

बिजागऱ्या बसल्या, डोकी सपाट आहेत, दार कुरकुर न करता मिटते. आता त्याला मूठ लावायची आहे. तिच्या पुडीत आलेले स्क्रू काळे आहेत, पुडीवर नंबर नाही, आणि मेहुणे पुन्हा हातोडीकडे पाहू लागले आहेत.