‘डोळे झाकून लॅब्रॅडॉर घ्या’

आमच्या देवघराशेजारी दत्ताची एक जुनी तसबीर आहे. लेक दीड वर्षाची झाल्यापासून तिचे लक्ष दत्तगुरूंकडे कमी आणि त्यांच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांकडे जास्त असे. जेवताना पोळीचा तुकडा तसबिरीच्या काचेला लावून ती “भूभू, हं” म्हणायची आणि काचेवर तुपाचे ठसे उमटायचे. घरात कुत्रा आणण्याचा विषय तिथूनच निघाला. नवऱ्याचे बालपण कुत्र्यांच्या सहवासात गेलेले असल्यामुळे त्याचा होकार गृहीतच होता. सासूबाईंचा विरोध होता, पण तो सोवळ्याओवळ्याचा नव्हता. “दुडदुडणारं मूल आणि कुत्रं एका घरात आलं की दोघांची आई तूच होणार,” एवढेच त्या म्हणाल्या होत्या, आणि आज मागे वळून पाहताना आम्हाला मिळालेल्या सर्व सल्ल्यांत तोच सर्वांत नेमका होता, हे मला मान्य करावे लागते.

बाकीचा सल्ला जवळजवळ एकमुखी होता : लहान मूल आहे ना, मग डोळे झाकून लॅब्रॅडॉर घ्या. गेल्या आठवड्यात माझ्या मामेबहिणीने “कोणती जात घेऊ?” असे विचारले आणि तिला फोनवर उत्तर देताना लक्षात आले की हा प्रश्नच आम्ही वाटेत सोडून दिला होता. तो का सोडला, हे सविस्तर लिहावे म्हणून ही पोस्ट.

लॅब्रॅडॉरची कीर्ती खोटी नाही. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात आली, आणि पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेला पक्षी दातांची खूण न उमटवता मालकाच्या हाती आणून द्यावा यासाठी ती पिढ्यानपिढ्या घडवली गेली. माणसाशी जुळवून घेणे आणि तोंडाचा वापर हलका ठेवणे या गोष्टी तिच्यात आहेत. परंतु ‘मुलांसाठी उत्तम’ असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर सात-आठ वर्षांचे मूल असते, दोन वर्षांचे नव्हे. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर साधारण पंचवीस ते पस्तीस किलोंचा असतो, निदान दोन वर्षांचा होईपर्यंत तो वागण्याने पोरच असतो, आणि आनंदाने हलणारी त्याची शेपटी नेमकी दुडदुडणाऱ्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते. त्याच्या मनात काहीही वाईट नसताना तो दिवसातून चार वेळा मुलाला पाडू शकतो. शिवाय २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले की साधारण चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री अन्नामागे अधिक असतात. ज्या घरात मुलीचे निम्मे जेवण जमिनीवर सांडते आणि उरलेले ती हातात घेऊन घरभर फिरते, त्या घराने तरी ही गोष्ट विचारात घ्यायला हवी.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा की जात सांगितल्याने स्वभाव कळतो, ही आपली समजूतच फारशी भक्कम नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील पाळीव कुत्र्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून त्यात माहिती घेतली होती. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास स्पष्टीकरण जातीवरून मिळते, असे त्यात आढळले. कुत्रा किती पटकन चिडतो, याचा अंदाज तर जातीवरून जवळजवळ बांधताच येत नाही, आणि लहान मुलाच्या आईला हवा असतो तो नेमका हाच अंदाज. याचा अर्थ सगळ्या जाती सारख्या असा मी लावत नाही. हस्कीला पुण्याचा एप्रिल सोसवत नाही. पगला नीट श्वास घेण्यासाठीच झगडावे लागते. आणि ज्यांना आपण कारवानी किंवा मुधोळ म्हणतो ती देखणी, वेगवान कुत्री मोकळ्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेली आहेत. परक्याने अंगाला हात लावलेला त्यांतील अनेकांना खपत नाही, त्यामुळे ‘आपली मराठी मातीतली जात’ या अभिमानापोटी फ्लॅटमध्ये लहान मुलासाठी कारवानी आणणे मला योग्य वाटत नाही. थोडक्यात, आकार, केस, हवामान, व्यायामाची गरज हे सगळे जातीवरून ठरवावे. प्रेमळपणा मात्र समोर उभ्या असलेल्या त्या एका कुत्र्यात पाहावा.

तो पाहायचा तर कुत्रा मोठा असायला हवा, आणि इथे माझे मत अनेकांना रुचणार नाही. “पिल्लू आणा म्हणजे दोघे एकत्र वाढतील” हे ऐकायला गोड आहे, पण चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येत असतात, त्या काळात ते जे दिसेल ते चावते, आणि हलणारे फ्रॉकचे टोक व किंचाळणारे मूल ही त्याच्यासाठी जगातली सर्वांत मजेदार खेळणी असतात. त्याला शी-शू शिकवायची असते, रात्री उठायचे असते, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर जपून न्यायचे असते. पिल्लाच्या पोटातील गोल जंत बहुधा आईकडूनच आलेले असतात आणि विष्ठेतून पडणारी त्यांची अंडी मातीत, अंगणात टिकून राहतात. माती तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरी जंताच्या औषधाचे वेळापत्रक चुकवून चालत नाही. हे सगळे करता येते, लोक करतातही. पण स्वतःच्या मुलाचे लंगोट अजून सुटलेले नसताना ते करावे का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

शहराबाहेरच्या एका ब्रीडरकडे, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याकडे, आम्ही गेलोही होतो. पिल्लू पन्नास दिवसांचे आहे असे त्याने सांगितले. आमच्या पशुवैद्यांनी फोटो पाहून ते जेमतेम महिन्याचे असावे, असे मत दिले. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचा कागद मागितल्यावर त्याने विषय बदलला, पिल्लांची आई दाखवा म्हटल्यावर ती ‘गावी’ असल्याचे सांगितले. आठ आठवड्यांचा हा नियम निव्वळ कागदी नाही. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे पिल्लू कळवळते आणि खेळ थांबतो, यातूनच पिल्लू दातांचा जोर आवरायला शिकते. महिन्याच्या वयात उचललेल्या पिल्लाचा हा वर्ग बुडतो आणि तो पुढे तुमच्या मुलाच्या बोटांवर भरतो.

म्हणून आम्ही दोन ते चार वर्षांचा, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेला, आणि एखाद्या घरात राहिलेला कुत्रा शोधायला लागलो, तेव्हा जात हा निकष आपोआप मागे पडला. पाच महिन्यांत आम्ही सहा कुत्री पाहिली. त्यांतील एका देखण्या गोल्डन रिट्रीव्हरने मला फार शिकवले. लेक जवळ गेली की तो अजिबात हलत नसे. “बघा किती शांत आहे, कान ओढले तरी काही करत नाही,” असे त्याला देणाऱ्या कुटुंबाने कौतुकाने सांगितले. मी खाली बसून पाहिले तेव्हा त्याचे तोंड घट्ट मिटलेले होते, तो मान फिरवून सारखे ओठ चाटत होता आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. हे शांत कुत्र्याचे लक्षण नव्हे. अवघडलेल्या कुत्र्याचे आहे. मोठी माणसे हे पाहत नाहीत आणि लहान मुलांना तर ते कळतच नाही : चार वर्षांची मुलेसुद्धा दात विचकणाऱ्या कुत्र्याला ‘हसतोय’ समजतात, असे इंग्लंडमधील अभ्यासात दिसून आले आहे. लहान मुलांना होणारे बरेचसे चावे ओळखीच्याच कुत्र्याचे, घरातले, आणि मुलाच्या उंचीमुळे चेहऱ्यावर वा मानेवर असतात. ‘अचानक चावला’ असे आपण म्हणतो खरे, पण त्याने आधी दहा वेळा त्याच्या भाषेत सांगितलेले असते.

पाहिलेल्या सहा कुत्र्यांत खारी शेवटची. बेकरीतल्या खारीच्या रंगाची, पंधरा-सोळा किलोंची, तीन वर्षांची गावठी कुत्री. आजकाल तिला ‘इंडी’ म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून तिच्या वागण्यात काही फरक पडत नाही. रस्त्यावरून उचलून आणल्यानंतर ती दीड वर्ष एका फॉस्टर कुटुंबात, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्यांकडे, शाळेत जाणाऱ्या दोन मुलांसोबत राहिली होती, आणि त्या घरातल्या काकूंनी तिचे गुण-अवगुण न लपवता सांगितले : फटाक्यांना घाबरते, मांजरांच्या मागे धावते, भांड्यात तोंड असताना कोणी जवळ आलेले तिला आवडत नाही. अवगुण सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास लवकर बसतो. पहिल्या भेटीत लेकीच्या हातून स्टीलची वाटी फरशीवर आपटली. खारी दचकून मागे सरकली, पण अर्ध्या मिनिटात स्वतःहून परत येऊन तिने ती वाटी हुंगली. दचकणे स्वाभाविक आहे. दचकून किती लवकर सावरते, हे मी पाहत होते, कारण दोन वर्षांच्या मुलाच्या घरात दिवसभर काही ना काही आपटतच असते. दुसरी गोष्ट अशी की लेकीचा कंटाळा आल्यावर ती न गुरगुरता उठून दुसऱ्या खोलीत निघून गेली. निघून जाता येणारी कुत्री मला हवी होती. आणखी दोन भेटींनंतर, त्यांतील एक आमच्या घरी, आम्ही होकार दिला.

त्यानंतरचे काम कुत्रीपेक्षा आमच्याच शिस्तीचे आहे. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठीचे फाटक बसवले आहे. खारीचे अंथरूण फाटकापलीकडे आहे आणि तिथे लेकीला प्रवेश नाही. कुत्री दिवसाचे बारा तास सहज झोपतात आणि झोपेतून खेचून उठवलेले त्यांना आपल्याइतकेच आवडत नाही. खारीचे खाणेही पलीकडेच होते. दोघींना एकत्र सोडून कोणीही खोलीबाहेर जात नाही, दाराची घंटा वाजली तरीसुद्धा. दोघींपैकी एकीला बरोबर घेऊन जायचे. आणि खारी गुरगुरली तर तिला रागवायचे नाही, लेकीला उचलायचे, कारण गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावू शकतो. एवढे करूनही ओरखडा किंवा दात लागलाच तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, घरच्याच कुत्रीचे दात आहेत आणि तिला लस दिलेली आहे म्हणून घरीच निर्णय घ्यायचा नाही, असे कागदावर लिहून फ्रिजवर लावले आहे. त्या कागदावर आधी लिहिलेला जखमेवर हळद लावण्याचा उपाय सासूबाईंनीच खोडून टाकला, हे नमूद केलेच पाहिजे.

मामेबहिणीला मी शेवटी सांगितले की तूर्त थांब. तिला पाच महिन्यांनी दुसरे बाळ होणार आहे, नवरा महिन्यातून दहा दिवस बाहेरगावी असतो आणि घरात तिसरे मोठे माणूस नाही. अशा घरात जगातला सर्वांत गुणी कुत्राही दुपारच्या वेळी एका थकलेल्या बाईच्या आणि एका चिडचिड्या मुलाच्या मध्ये सापडतो. थोरला पाच वर्षांचा झाला की “तो झोपलाय, हात लावू नकोस” हे त्याला कळेल, आणि तेव्हा शोधायला मी तिच्यासोबत जाईन. तिला ते फारसे आवडले नाही.

खारीला येऊन सात महिने झाले. लेक आता तिला हाक मारून बोलावते आणि ती आली नाही तर “खारीला नको” असे स्वतःलाच समजावते. फाटक कधी काढायचे यावर मात्र घरात एकमत नाही. नवरा दिवाळीनंतर म्हणतो; सासूबाई म्हणतात, पोरगी शाळेत जाऊ लागेपर्यंत हात लावायचा नाही. मी सासूबाईंच्या बाजूने आहे.