काचेचा पत्रा

खारघरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसचं डिझाइन आमच्या आर्किटेक्ट ऑफिसकडे आलं तेव्हा सेक्रेटरी काकांची एकच अट होती, छप्पर मेटलचं हवं पण पत्र्यासारखं दिसायला नको. कारण नवी मुंबईत पत्रा म्हटलं की डोळ्यासमोर येते ती गच्चीवरची निळी शेड, तिच्यातून टपटपणारं पाणी आणि त्यावर दर मे महिन्यात थापलेलं एम-सील. काकांना हवं होतं स्टँडिंग सीम.

चीज भारी आहे, मानावंच लागेल. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध पट्टे, दोन पट्टे भेटतात तिथे कडा वर उचलून एकमेकींत दुमडलेल्या, हीच ती शिवण, आणि स्क्रू कुठेच दिसत नाही कारण खाली लपलेल्या क्लिपांनी पट्टा धरलेला असतो. आपल्या साध्या शेडमध्ये पत्र्याला भोकं पाडून स्क्रू मारतात, त्याखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होतो नि तिथूनच गळती सुरू. इथे भोकच नाही. वर पत्र्याला सरकायला जागा मिळते ती वेगळीच, आणि ती लागते हो, २० मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पट्टा तापमानातल्या ५० अंशांच्या फरकाने साधारण २३ मिलिमीटर वाढतो. तुर्भ्याचा फॅब्रिकेटर तर म्हणाला, "मॅडम, मशीन साइटवरच आणतो, पाहिजे त्या लांबीचा पट्टा रोल करून देतो."

त्याला मशीन आहे. मला इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर.

आधी सोपा मार्ग धरला, छप्पर सपाट काढायचं आणि मटेरियलला समांतर रेघांचा पॅटर्न द्यायचा. लांबून मस्त दिसलं. जवळ गेलं की इस्त्री केलेली चादर, कारण रेघा नुसत्या रंगवलेल्या, मॉडेलचा आडवा छेद घेतला तर शिवण गायब. त्यात आमचं छप्पर चारी बाजूंनी उतरतं, तर दोन बाजूंना रेघा उभ्या आणि उरलेल्या दोन बाजूंना चक्क आडव्या! आढ्याचं पाणी वळचणीला जातं हे माझ्या आजीला शाळेत न जाता माहीत होतं, एवढ्या महागाच्या सॉफ्टवेअरला नाही.

मग ऑफिसातल्या ज्युनियरने गुपित सांगितलं. "मॅडम, त्याला सांगायचंच नाही पत्रा आहे म्हणून. काच आहे सांगायचं." म्हणजे सॉफ्टवेअरमधलं उतरतं ग्लेझिंग, म्हणजे काचेचं उतरतं छप्पर, घ्यायचं, काचेच्या तावदानाला मेटलचं मटेरियल फासायचं आणि मधल्या मलियनला, म्हणजे तावदानांमधल्या पट्टीला, शिवणीचा आकार द्यायचा, उंची ५० मिलिमीटर, अंतर ४५०. खोटं बोलल्यावर सॉफ्टवेअर लगेच खूश. भराभर शिवणी उभ्या राहिल्या, सगळ्या वरून खाली, शहाण्यासारख्या. फक्त जिथे दोन उतार तिरके भेटतात तिथे मलियनची टोकं शेजारच्या हद्दीत घुसायची, सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांसारखी, ती एकेक करून कापत बसले. लॅपटॉपचा पंखा तर असा घोंघावत होता की शेजारच्या टेबलावरची ताई चहाचा कप सरकवून बसली.

पण खोट्याचं पितळ उघडं पडलंच, मॉडेलवरून निघणाऱ्या मालाच्या यादीतून. ज्या मुलाकडे एस्टिमेट होतं त्याचा फोन, "मॅडम, पूर्ण छप्पर काचेचं? खाली टेबल टेनिस आहे ना?" मी म्हटलं अरे ती काच म्हणजे पत्रा आहे आणि मलियन म्हणजे शिवण आहे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि खिडक्यांची काच?" म्हटलं ती काचच. हे सगळं होईपर्यंत त्याने कोटेशन मागवून झालेलं, त्यामुळे काचवाला अजूनही आठवण काढतो, मॅडम टफन्ड घेणार की लॅमिनेटेड.

शेवटी काका ऑफिसात आले. थ्रीडी फिरवून दाखवलं, आवडलं. सोलर पॅनल बसेल का विचारलं, तर बसतं, शिवणीलाच क्लॅम्प आवळायचे, भोक पाडायचं नाही, यावर फारच खूश झाले. मग स्क्रीनजवळ येऊन म्हणाले, "या उभ्या रेघा जरा जवळजवळ घेऊन बघू?" मी सॉफ्टवेअरमध्ये शिवणींचं अंतर ४५० चं ३०० केलं आणि आख्खं छप्पर आमच्यासमोर झटक्यात बदललं.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, हे तर दोन सेकंदांचं काम! मग इतके दिवस काय करत होतात?"

म्हटलं, काच पुसत होते.