राणीचा हुकूम नव्हे, मिशांची गाठभेट

मुंग्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं "राणीच्या हुकमावर वारूळ चालतं" हे वाक्य खटकलं. राणी फक्त अंडी घालते, हुकूम कुणीच सोडत नाही.

अमेरिकेतल्या वाळवंटी भागात दाणे गोळा करणाऱ्या लाल मुंग्यांवर जीवशास्त्रज्ञ डेबोरा गॉर्डन यांनी अनेक वर्षं काम केलंय. सकाळी आधी गस्तीच्या मुंग्या बाहेर जातात. त्या सुखरूप परतून दाराशी आतल्यांना भेटल्या, मिशांना (म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकांना) मिशा लागल्या, की मग बाकीच्या निघतात. भेटी ठरावीक वेगाने झाल्या तरच! गॉर्डन आणि त्यांचे सहकारी मायकल ग्रीन यांनी २००३ मध्ये गंमत केली: गस्तवाल्या अडवून ठेवल्या आणि त्यांच्या अंगावरच्या मेणचट थराचा वास लावलेले काचेचे मणी दारातून आत सोडले. मुंग्या मण्यांना भुलून कामाला निघाल्या!

हे वाचल्यापासून मी ओट्यावरची रांग पुसायच्या आधी जरा थांबून बघतो. समोरासमोर आलेल्या दोघी क्षणभर मिशा लावतात आणि मग पुढे. कधी एखादी भेटीनंतर चक्क उलटी फिरते. (बायकोच्या मते हा फडकं न मारण्याचा बहाणा आहे.)