दोन वर्षांची नर्सिंग पदवी

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजमधील (म्हणजे कमी शुल्काच्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयांतील) नर्सिंगच्या दोन वर्षांच्या पदवीला तिच्या खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या लेखात ‘स्वस्तातली पळवाट’ म्हटले आहे, ते पटले नाही. नर्सिंग शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या मांडणीतून १९५२ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी शेवटी चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांप्रमाणेच एनक्लेक्स-आरएन ही नोंदणीकृत परिचारिकेच्या परवान्यासाठीची परीक्षा देतात आणि त्यांना परवानाही तोच मिळतो. शिवाय दोन वर्षे हा हिशेब कागदावरचा. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेतील कामासह आधीच पूर्ण करावे लागतात, कॅलिफोर्नियात जागांपेक्षा अर्ज जास्त आल्याने काही कॉलेजांत प्रवेशासाठी चक्क सोडत काढतात, आणि पुढे वॉर्डात प्रत्येक गोळी देण्यापूर्वी तिची मात्रा व दुष्परिणाम शिक्षिकेला तोंडी सांगावे लागतात, ते वेगळेच. खरी अडचण नोकरीच्या दारात येते. अनेक मोठी रुग्णालये बीएसएन, म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची पदवी, झालेल्यांना प्राधान्य देतात. न्यूयॉर्कने तर २०१७ च्या कायद्याने नव्या परिचारिकांना दहा वर्षांत ही पदवी मिळवणे बंधनकारक केले आहे. (आपल्याकडे जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतल्यानंतर पोस्ट बेसिक बीएस्सी ही पदवी करणाऱ्यांना ही धावपळ ओळखीची वाटेल.) लेखातील खर्चाच्या हिशेबात या पुढील शिक्षणाचे शुल्क धरलेले नाही, ते धरायला हवे होते.